नाव पुसलेला आवाज

एव्हारिस्तो तोश्ते दोघांशीच बोलायचा, गाईंशी आणि बायकोशी. बाकीच्या जगाशी त्याच्या वतीनं त्याची बायको लिदुइना बोलायची. गस्टीन गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. तेर्सेरा ह्या पोर्तुगीज बेटावरून तो ऐन विशीत मामाच्या गोठ्यावर दूध काढायला आला. मामा पोर्तुगीज, गोठ्यावरचे गडी पोर्तुगीज, पाव भाजणारा पोर्तुगीज, चर्चमधला पाद्री पोर्तुगीज. गाईंनाही हाका पोर्तुगीजमधूनच कळायच्या. इंग्रजीवाचून त्याचं कधी अडलं नाही, आणि जिथे अडलं तिथे लिदुइना होती.

लिदुइना टोमॅटोच्या कारखान्यात पट्ट्यावर सडके टोमॅटो वेचायला जायची. तिथल्या मेक्सिकन बायकांकडून आणि ओक्लाहोमाहून आलेल्या म्हाताऱ्यांकडून ती इंग्रजी शिकली. त्यामुळे तिच्या इंग्रजीत शिव्या अस्सल होत्या आणि व्याकरण मात्र तिचं स्वतःचं. बँक, डॉक्टर, मुलीच्या शाळेतल्या बाई, कालव्याचं पाणी सोडणारा माणूस, सगळ्यांशी तीच भांडायची आणि तीच गोडही बोलायची. फोनवर तर तिचा आवाज चढायचाच. हे लोक लांब बसलेत, तेव्हा ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू जाणार नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

सगळ्यात जास्त भांडण असायचं केबल कंपनीशी. त्यांची पोर्तुगीज वाहिनी अधूनमधून गायब व्हायची, आणि तीही नेमकी रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी नाहीतर बैलांच्या खेळाच्या वेळी. मग लिदुइना हात पुसत स्वयंपाकघरातून यायची, खुर्ची ओढायची आणि फोन लावायची.

"हॅलो. तुझं नाव काय रे बाळा? ब्रँडन? ब्रँडन, तुझी आई आहे ना? आहे. देव तिला सुखी ठेवो. तिची प्रार्थना तू अशी अर्ध्यात तोडलीस तर ती तुला जेवायला वाढेल का? नाही ना? मग माझी का तोडलीस?"

"अगं, हळू बोल," एव्हारिस्तो आपल्या खुर्चीतून म्हणायचा. "तो बहिरा नाहीये."

"तू गप रे माणसा. तुला काय, तू बस बदाम बघत."

खिडकीबाहेर शेजाऱ्याची बदामाची बाग होती आणि एव्हारिस्तो खरंच ती बघत बसायचा. तिकडे ब्रँडन कुठलीशी बटणं दाबून वाहिनी परत आणेपर्यंत लिदुइना त्याला गोड पावाची कृती सांगायची, त्याचं लग्न ठरलंय का विचारायची, ठरलं नसेल तर का नाही हेही विचारायची. फोन खाली ठेवताना प्रत्येक वेळी म्हणायची, "चांगला मुलगा आहे. कंपनी चोर आहे."

फेब्रुवारीत, बदामाला फुलं आलेली असताना, ती स्वयंपाकघरात पडली. मोडेस्टोच्या इस्पितळात तिनं डोळे उघडले, नवऱ्याकडे पाहिलं, पण पुन्हा बोलली नाही. गेली ती तशीच.

दफन झालं, शेजारच्या बायकांनी घरी येऊन जपमाळ म्हटली, सोपाशची, म्हणजे पाव घातलेल्या मांसाच्या रश्श्याची, भांडीच्या भांडी भरून आणली. मुलगी डार्लीन आठवडाभर राहून रोझव्हिलला आपल्या घरी परत गेली. ती तिकडे एका दातांच्या डॉक्टरकडे बिलांचं काम बघायची, आणि आईनंतरची कागदपत्रं, खाती बंद करणं हे सगळं तिनंच अंगावर घेतलं होतं. एव्हारिस्तो घरात एकटा राहिला.

त्याला रडू फार आलं नाही. पण काही आठवड्यांनी एक विचित्र गोष्ट त्याच्या ध्यानात आली. लिदुइना काय काय बोलायची ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. 'तू गप रे माणसा.' 'बूट बाहेर काढ.' 'मीठ घालू का अजून?' सगळं आठवत होतं. पण आठवायचं ते त्याच्या स्वतःच्याच आवाजात. शब्द तिचे आणि आवाज स्वतःचा. तो डोळे मिटून, कान देऊन आतल्या आत शोधायचा, पण तिचा आवाज काही सापडेना. मग त्याला भीती वाटायला लागली.

त्यानं घर उलथंपालथं केलं. लग्नाचे फोटो होते. फोटो बोलत नाहीत. गावच्या उत्सवाचं चित्रण शेजाऱ्याच्या मुलानं केलं होतं, त्यात लिदुइना होती, पण पाठमोरी, हातात मोठं पातेलं घेऊन चाललेली. कॅमेरा समोर आला की ती पदर ओढावा तसा एप्रन तोंडावर ओढायची. तिनं कुणाच्या फोनवर कधी निरोप ठेवला नाही. कुणी उचललं नाही की ती ठेवून द्यायची. म्हणायची, यंत्राशी काय बोलायचं?

जुलैत पोर्तुगीज वाहिनी गेली. पडद्यावर नुसतं निळं. एव्हारिस्तोनं चार दिवस निळं बघितलं आणि मग त्याचा कोंपाद्रे जर्वासियो आला. जर्वासियो म्हणजे डार्लीनचा धर्मपिता, गोठ्यावरचा जुना सोबती आणि गावातला नामांकित चहाटळ. त्याला इंग्रजी येत होतं असं त्याचं स्वतःचं मत होतं.

"आण तो फोन," जर्वासियो म्हणाला. "ह्यांना सरळ करतो." त्यानं नंबर लावून फोन टेबलावर उताणा ठेवला, म्हणजे दोघांना ऐकू येईल. आधी एक बाई काहीतरी एका दमात बोलली.

"काय म्हणाली?" एव्हारिस्तोनं विचारलं.

"काही नाही. नेहमीचंच. म्हणे, हे बोलणं टिपून ठेवलं जाईल."

"कुणाचं बोलणं?"

"सगळ्यांचं. जो फोन करेल त्याचं."

"केव्हापासून टिपतात?"

"मला काय माहीत! माझा बाप जिवंत होता तेव्हापासून असेल. तू आता वाहिनीचं बोल."

एव्हारिस्तो टेबलावरच्या फोनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे लिदुइनाचंही असेल."

जर्वासियोनं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून बसला.

तेवढ्यात फोनमधल्या बाईनं विचारलं, कशासाठी फोन केलात ते थोडक्यात सांगा. ही बाई म्हणजे यंत्र होतं. गस्टीनमधल्या म्हाताऱ्यांचा ह्या यंत्रावर फार राग. कुणाचं बोलणं तिला कळायचं नाही, 'माफ करा, समजलं नाही' एवढंच ती म्हणत राहायची. पण त्या दिवशी एव्हारिस्तो पुढे वाकला आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "माझी बायको. मेली. तिचा आवाज पाहिजे."

"तुम्हाला तुमच्या दिवंगत पत्नीच्या ध्वनिमुद्रणाबद्दल चौकशी करायची आहे," यंत्र म्हणालं. "बरोबर?"

"बघ रे!" जर्वासियो ओरडला. "हिला तुझं इंग्रजी कळलं! मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही!"

मग एक खरी मुलगी आली. ती बिचारी चांगली बोलली, आणि म्हणाली की अशा मागण्या लेखी कराव्या लागतात, आणि ज्याची माहिती आहे त्यानं स्वतः. पुढचं तिला सांगता येणार नाही. वाहिनी तेवढी तिनं परत आणून दिली.

त्याच दुपारी एव्हारिस्तोनं डार्लीनला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पापा, जाऊ द्या ना," ती म्हणाली. "कशाला उकरून काढायचं? ते लोक काही देणार नाहीत."

"न द्यायला तो त्यांच्या बापाचा आहे का?"

"मी शनिवारी येते. मग बोलू."

शनिवारी ती आली तेव्हा बरोबर लिंग्विसा सॉसेज आणली होती, भाजून, पावासकट. जेवण झाल्यावर तिनं चष्मा लावला आणि आपल्या फोनवर कायदा वाचून त्याला पोर्तुगीजमधून सांगितला. एव्हारिस्तोला कायदा म्हणजे कर, कुंपण आणि पाणी एवढंच माहीत होतं. गिऱ्हाइकाच्या खाजगी माहितीचा कायदा असतो हे त्याला नवीन होतं.

"हे बघा, पापा. माणसाची खाजगी माहिती म्हणजे काय ते इथे दिलंय. नाव. पत्ता. फोन. काय विकत घेता. टीव्हीवर काय बघता. कुठे जाता. आणि हे, आवाज. आवाजसुद्धा."

"लिहिलंय तसं?"

"लिहिलंय. आणि ह्या सगळ्यावरून कंपनी तुमच्याबद्दल जो अंदाज बांधते, हा माणूस असा असेल, तसा असेल, तोसुद्धा तुमचाच. तो आपल्याला मागता येतो."

"अंदाज पण माझा? म्हणजे जर्वासियो गावभर माझ्याबद्दल जे बोलत फिरतो ते?"

"जर्वासियो कंपनी नाही, पापा."

एव्हारिस्तो हसला. लिदुइना गेल्यापासून पहिल्यांदाच. डार्लीन हसली नाही. ती टेबलावरचे पावाचे तुकडे बोटानं गोळा करत होती. "पण हा हक्क जिवंत माणसाचा आहे," ती म्हणाली. "मेलेल्याचा नाही. म्हणून म्हणते, फार आशा धरू नका."

"मी जिवंत आहे. मी तिचा नवरा आहे. लिही तू."

तिनं लिहिलं. उत्तर आलं ते छापील, दिलगिरीचं. तिनं पुन्हा लिहिलं. मग एव्हारिस्तोनं हट्ट धरला की तो मोडेस्टोला त्यांच्या दारात जाऊन बसेल. शेवटी कंपनीनं कळवलं की आमचा माणूस तुम्हाला भेटेल. एव्हारिस्तोनं दाढी केली, उत्सवाचा कोट चढवला. ऑगस्ट होता, बदाम झाडून पाडायचं काम चाललं होतं, रस्ताभर धूळ. डार्लीन गाडी चालवत होती आणि वाटेत एक अक्षर बोलली नाही. एव्हारिस्तोला ते जाणवलं, पण त्याचं मन पुढे पळत होतं. त्यानं ठरवलं होतं की पहिल्या वेळी कुणासमोर ऐकायचं नाही. घरी नेऊन, स्वयंपाकघरात, एकट्यानं ऐकायचं.

कंपनीच्या माणसाचं नाव प्रुइट. पन्नाशीचा, पडेल खांद्यांचा, बोलायला मऊ. त्यानं पाणी दिलं, खुर्ची पुढे केली, लिदुइनाबद्दल दुःख झाल्याचं सांगितलं, आणि ते खोटं वाटलं नाही. डार्लीन दोघांच्या मधे दुभाषी म्हणून बसली.

"आमच्याकडे असं दिसतं," प्रुइट म्हणाला, "की एप्रिलमध्ये मिसेस तोश्ते यांच्या खात्यातून आपली सगळी खाजगी माहिती पुसून टाकण्याची मागणी आली. आम्ही ती ताबडतोब पूर्ण केली."

डार्लीननं हे भाषांतर केलं नाही. पण 'एप्रिल' एव्हारिस्तोला कळलं, आणि 'पुसणं' हेही त्याला प्रुइटच्या हातवाऱ्यावरून कळलं.

"एप्रिल?" तो म्हणाला. "ती फेब्रुवारीत गेली. एप्रिलमध्ये तिनं कसं सांगितलं?"

"मी सांगितलं, पापा."

"काय?"

"मी केलं. आईच्या नावानं खात्यात शिरून. मी तुम्हाला सांगणार होते."

ती पोर्तुगीजमध्ये भराभरा बोलायला लागली. आई गेल्यावरही आईच्या नावाची जाहिरातींची पत्रं थांबत नव्हती, मधुमेहाची औषधं, ऐकू येण्याची यंत्रं, म्हाताऱ्यांच्या वसाहती. हे कोण कुणाला आईचं नाव विकतंय ते बघायला तिनं केबल कंपनीकडची आईची माहिती मागवली. त्यात आईबद्दलचे कंपनीचे अंदाज होते. त्यांनी आईला स्पॅनिश ठरवलं होतं. "आईला, पापा! स्पॅनिश! तिनं त्यांचं दुकान पेटवलं असतं." साखरेचा आजार असावा, असं लिहिलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, येत्या वर्षभरात राहतं घर सोडण्याची शक्यता मोठी.

"हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं," डार्लीन म्हणाली. "ती मेली होती आणि हे लोक तिच्याबद्दल अजून अंदाज बांधत होते, तिला विकत होते. खाली पुसून टाका असं बटण होतं. मी दाबलं. मला वाटलं, निदान ह्यांच्या तावडीतून तरी तिला सोडवावं. आवाजाचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आईची शपथ."

एव्हारिस्तोनं तिच्याकडे बघितलंच नाही. त्यानं प्रुइटला आपल्या इंग्रजीत विचारलं, "आवाज. फेकला?"

प्रुइट थोडा चुळबुळला. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं डार्लीन पुढे जर्वासियोला म्हणाली. पण तो सचोटीचा माणूस होता.

"ध्वनिमुद्रणं नष्ट केलेली नाहीत," तो म्हणाला. "त्यांच्यावरचं नाव, नंबर, तारीख, खातं, सगळं काढून टाकलंय. त्यातली नावं, पत्तेही आवाजातून कापलेत. आमचं फोन घेणारं यंत्र आहे ना, त्याला शिकवायला ती वापरली. ह्या भागातल्या ज्येष्ठ लोकांचे उच्चार त्याला पूर्वी कळत नव्हते. आता पुष्कळच कळतात."

डार्लीननं हे सांगितलं तेव्हा एव्हारिस्तोला जुलैतली ती दुपार आठवली. यंत्राला त्याचं बोलणं पहिल्या झटक्यात कळलं होतं. इतकी वर्षं त्याचं बोलणं जगाला समजावून सांगितलं ते लिदुइनानं, आणि मेल्यावरही हे लोक तिच्याकडून तेच काम करून घेत होते.

"म्हणजे आवाज आहे," तो म्हणाला.

"आहे. पण तो आता कुणाचाच नाही. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येत नाही ती कायद्यानं खाजगी माहिती नव्हेच. ती मिसेस तोश्ते यांची नाही, त्यामुळे तुम्हालाही देता येत नाही. अशा हजारो तुकड्यांत ते तुकडे मिसळलेत. कुठला कुणाचा, आम्हालाही सांगता येणार नाही."

"मी सांगतो. मला बसवा. सगळे ऐकवा. मी रोज येईन, डबा घेऊन येईन. मी ओळखीन."

प्रुइटनं चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"मिस्टर तोश्ते, आम्ही कायद्यानं बांधील आहोत की ह्या तुकड्यांना पुन्हा कुणाची ओळख चिकटवणार नाही. आणि समजा, तुम्ही ओळखलंत, हा आवाज माझ्या बायकोचा. तर त्या क्षणी तो तिची खाजगी माहिती ठरतो. आणि तिच्या खाजगी माहितीबद्दल आमच्याकडे एप्रिलची मागणी आहे. मग तो आम्हाला पुसावाच लागेल."

डार्लीननं हे भाषांतर करायला तोंड उघडलं आणि तिला ते जमेना. दोनदा सुरुवात करून तिसऱ्यांदा तिनं ते सांगितलं. एव्हारिस्तोनं पुन्हा सांगायला लावलं.

"म्हणजे मी ओळखला नाही तर तो तुमच्याकडे राहणार," तो म्हणाला, "आणि ओळखला तर मरणार."

"तसंच म्हणावं लागेल," प्रुइट म्हणाला. "मला खरंच वाईट वाटतं."

एव्हारिस्तो उठला. कोटाचं बटण लावता लावता तो डार्लीनला म्हणाला, "ह्याला सांग, मामाच्या गोठ्यावर असताना शेजाऱ्यानं आमची एक कालवड ओढून नेली होती. कानातला बिल्ला कापून टाकला आणि म्हणाला, दाखवा बघू तुमची कुठे आहे. त्याला आम्ही चोर म्हणायचो. सांग त्याला."

डार्लीननं सांगितलं. प्रुइटनं मान खाली घातली आणि तो म्हणाला, "मी कायदा केलेला नाही, मिस्टर तोश्ते." त्यानं दोघांना दारापर्यंत पोचवलं.

एव्हारिस्तो गाडीत बसला. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाला, "तू तुझ्या आईला पुसलंस."

"पापा, मी मुद्दाम केलं का?"

"मला एकदा विचारायचं होतंस. एक फोन करायचा होतास."

"तुम्हाला? तुम्हाला काय विचारायचं? तुम्हाला कशातलं काय माहीत होतं? तुमचं सगळं तिनं केलं आणि ती गेल्यावर मी करतेय. खाती मी बंद केली, पाद्र्याला मी भेटले, कबरीच्या दगडावरची अक्षरं मी ठरवली. तुम्ही काय केलंत? खुर्चीत बसलात."

"गाडी थांबव."

"आणि आवाज, आवाज! ती सगळा जन्म बोलत होती, पापा. तुमच्या शेजारी बसून बोलत होती. तुम्ही बदामाकडे बघत बसायचात. ऐकायचा होता तर तेव्हा कान नव्हते का?"

"गाडी थांबव म्हणतोय ना!"

तिनं कालव्याच्या कडेला गाडी थांबवली. तो उतरला आणि उत्सवाच्या कोटात, धुळीतून, चालायला लागला. ती थोडं अंतर हळूहळू मागून येत राहिली, काच खाली करून हाका मारत राहिली. मग रडत निघून गेली.

चालताना एव्हारिस्तोच्या मनात डार्लीनचं बोलणं नव्हतं. ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळे त्याच्याशी भांडता येत नव्हतं. त्याला दुसरंच काहीतरी टोचत होतं. प्रुइटला तो छातीठोकपणे म्हणाला होता, मी ओळखीन. आता एकट्यानं चालताना त्याला वाटायला लागलं, हजारो बायका आपल्या वाहिनीसाठी भांडताहेत, सगळ्या तेर्सेरा, पिकू, साऊ जॉर्ज बेटांवरच्या, सगळ्या टोमॅटोच्या कारखान्यात इंग्रजी शिकलेल्या, आणि त्यातली एक लिदुइना. त्यानं तिच्यावरून पुढे जाऊन दुसरीच कुणी निवडली असती तर? तो रस्त्यात थांबला. मग जर्वासियोचा ट्रक आला. डार्लीननंच त्याला फोन केला होता. जर्वासियोनं दार उघडलं आणि गावात पोचेपर्यंत एकही विनोद केला नाही.

सप्टेंबरात उत्सव झाला. डार्लीन आली, आईसारखीच मोठमोठी पातेली उचलत मंडपात फिरली. बापानं तिच्या हातची सोपाश घेतली, पण तिच्याशी बोलला नाही. बायकांनी मध्यस्थी करून पाहिली, पाद्र्यानंही पाहिली. "माझं काही भांडण नाही," एव्हारिस्तो म्हणायचा. "मला बोलण्यासारखं काही नाही."

केबल त्यानं काढून टाकली. त्यासाठीही फोन करावा लागेल म्हटल्यावर त्यानं तो खोका उचलला आणि मोडेस्टोला जाऊन त्यांच्या दारात ठेवून आला. त्याला समजणारी एकच वाहिनी होती, तीही गेली. त्या दिवसापासून त्याची एक सवय गावाला माहीत झाली. कुठेही फोन केला आणि पलीकडून बोलणं टिपून ठेवलं जाईल असं म्हणाले, की तो इंग्रजीत 'नो' म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. आता असं न म्हणणारं जगात कोण उरलंय? पाणी तापवायचं यंत्र बिघडलं तेव्हा दुरुस्तीवाल्यांनीही तेच म्हटलं. सगळा हिवाळा त्यानं चुलीवर पाणी तापवून अंघोळ केली.

"अरे, घेऊ दे ना त्यांना तुझा आवाज," जर्वासियो कॉफीच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला. "कोण चोरून नेणार आहे? तू बोलतोस तरी काय असं?"

सगळे हसले. एव्हारिस्तोनं कॉफी संपवली आणि उठून गेला. नंतर बरेच दिवस तो त्या दुकानात दिसला नाही.

डार्लीन अजूनही रविवारी दुपारी फोन करते. तो उचलतो. हॅलो म्हणत नाही, काहीच म्हणत नाही, नुसता कानाला लावून बसतो. सुरुवातीला ती रडायची, माफी मागायची, एकदा चिडून ओरडलीही. आता ती साधंसुधं बोलते. तिच्या मुलाला कुठे नोकरी लागली, दातांच्या डॉक्टरनं कुणाला काढून टाकलं, रोझव्हिलला धुकं किती पडलं. मधूनच विचारते, "पापा, ऐकताय ना?" तो उत्तर देत नाही, पण ठेवतही नाही. हा राग आहे की माया, हे तिला कळत नाही. त्यालाही ते सांगता आलं नसतं.

डार्लीनचा आवाज अगदी आईसारखा आहे, असं गावात सगळे म्हणतात. दफनाच्या दिवशी तर दोन बायका ती मागून बोलली म्हणून दचकल्या होत्या. एव्हारिस्तो रविवारी डोळे मिटून, फोन कानाशी दाबून, ती ठेवून देईपर्यंत ऐकतो. त्याला तसं वाटत नाही.